आक्काबाईचा उजवा कान

आक्काबाईचे दोन्ही कान लहानपणी वाहायचे. सिल्लोडकडच्या रानात मेंढरांमागं फिरताना कोण लक्ष देणार? पुढं वाहणं थांबलं, पण ऐकू कमी येत गेलं. उजव्या कानानं तर जवळजवळ नाहीच. तरी रानात तिचं अडलं नव्हतं. दुष्काळ पडला, चारा संपला, नवऱ्यानं मेंढरं गोदाकाठाला नेली आणि ती औरंगाबादला लेकीकडं आली. अक्षदा वाळूजला कंपनीत जायची. तिचं तान्हं पोर आक्काबाईनं सांभाळायचं ठरलं.

एका दुपारी शेजारची सत्यभामा धावत आत आली. पोर रडून रडून लालबुंद झालं होतं आणि आक्काबाई मोरीत पाठमोरी बसून टँकरच्या पाण्यानं भांडी घासत होती. संध्याकाळी हे कळल्यावर अक्षदा पोराला उचलून आतल्या खोलीत निघून गेली. ती चिडली असती तर बरं, असं आक्काबाईला वाटलं.

अक्षदानं तिला औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मनस्विनींनी उजवा कान तपासला. "पडद्यावर खडूसारखे पांढरे थर जमलेत. आतली बारीक हाडंही त्यात जखडलीत. थर काढून नवा पडदा बसवू. पण ऐकू किती येईल, याची हमी नाही. काहींना चांगलं येतं, काहींना थोडंच. क्वचित आहे तेही जातं."

"करा," आक्काबाई म्हणाली.

ऑपरेशन झालं. कानातला बोळा निघाला त्या दिवशी काहीच फरक वाटला नाही. सूज उतरेपर्यंत थांबा, असं डॉक्टर म्हणाल्या. घरी कुणी नसलं की आक्काबाई ताटावर चमचा वाजवून बघायची. कधी वाटायचं, आलं ऐकू. कधी वाटायचं, मनाचेच खेळ. कान सुधारला नाही आणि पोरगं पाळणाघरात ठेवलं, तर आपण कुठं जायचं? गावातल्या विहिरी तर कोरड्या पडलेल्या.

अखेर तपासणीचा दिवस आला. बंद खोलीत तिच्या कानांवर यंत्र चढवलं, हातात बटण दिलं. कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं. पहिले आवाज स्वच्छ आले. मग सगळं गप्प. काचेपलीकडं अक्षदा पोराला खांद्यावर घेऊन उभी होती, नजर आईवर. तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

डॉक्टरांनी दार उघडलं. "आक्काबाई, मी आवाज सोडलाच नव्हता."

तिनं मान खाली घातली. "भ्याव वाटलं, बाई. कमी निघालं तर लेक मला ठिवायची नाय."

अक्षदा आत आली. "माय, मी तुला हाकलीन व्हय?"

"आन् पोरगं रडलं, मला नाय ऐकू आलं, तर?"

अक्षदानं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. हळूच म्हणाली, "कंपनीत मलाबी दिवसभर तेच डोक्यात येतं."

तपासणी पुन्हा झाली. या वेळी आक्काबाईनं खरंच ऐकू आलं तेव्हाच बटण दाबलं. कान बराच सुधारला होता. खोलीतलं ऐकू येणार होतं, बंद दाराआडचं नाही. हाडं पुन्हा जखडू शकतात, म्हणून दाखवत राहायला सांगितलं.

घरी आल्यावर दोघींनी पाळणा स्वयंपाकघरात हलवला. दुपारी सत्यभामानं डोकावून जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी अक्षदा कामावर गेली. आक्काबाईला बारीक रडणं ऐकू आलं. पिठाचे हात घेऊन ती पाळण्याशी गेली. पोरगं गाढ झोपलेलं. बाहेर कुणाचं तरी फाटक कुरकुरत होतं. थोड्या वेळानं तसंच झालं, ते मांजर निघालं. कुठला आवाज कशाचा, हेच तिला नव्यानं शिकायचं होतं. तिसऱ्यांदा मात्र पाळणा खरंच हलत होता. तिनं पोराला उचललं, उजव्या खांद्यावर टाकलं आणि त्याचं रडणं थांबेपर्यंत ऐकत राहिली.