गंगीचं धारोष्ण दूध

आमच्या सासूबाईंना, लक्ष्मीबाईंना, जगात एकच औषध माहीत आहे. धारोष्ण दूध. मी त्यांना मामी म्हणते. ताप आला, दूध. कंबर दुखली, दूध. अन् सुनेला दिवस गेले म्हटल्यावर तर विचारूच नका. दोन्ही वेळेला त्यांनी मला शहरातल्या, उस्मानपुऱ्याच्या घरातून उचलून कन्नडजवळ गावाकडं नेलं, गोठ्यात गंगी गाईपाशी उभं केलं अन् नुकत्याच काढलेल्या दुधाचा पेला हातात दिला. "मामी, उकळून द्या ना," मी म्हणायची. त्या म्हणायच्या, "उकळल्यावर त्यात काय कस राहतो? शहरात शिकून अक्कल गहाण टाकली का?"

दोन्ही लेकरं पोटातच गेली. गावात बोलणं सुरू झालं, मोनिकाच्या कुशीतच खोट हाय. हळदी-कुंकवाला एका बाईनं माझी ओटी भरायचं टाळलं. लई जिव्हारी लागलं ते.

मी शहरात एका डेअरीच्या लॅबमध्ये कामाला आहे. दूध किती वेळात नासेल, त्यात कुठले जंतू आहेत, हे बघणं माझं काम. दुसरं लेकरू गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कच्चं दूध पिता का?" रक्त तपासलं तर ब्रुसेला निघाला. जनावरांना गाभडवणारा, म्हणजे त्यांचा गर्भ पाडणारा जंतू. अन् मला आठवलं, गंगीसुद्धा गाभडली होती. घरात तेव्हा नजर लागली म्हणून तिच्यावरून लिंबू उतरवलं होतं.

मी गंगीचं दूध लॅबमध्ये आणलं. ही तपासणी सोपी असते. दुधात निळसर औषधाचा थेंब टाकून नळी उबेला ठेवायची. दूध चांगलं असलं तर निळं खालच्या दुधातच राहतं अन् वर साय पांढरीच राहते. जंतूची लागण असली तर सगळा रंग वर सायीत गोळा होतो. गंगीच्या नळीत वर गर्द निळं कडं आलं अन् खाली दूध पांढरं फटक पडलं. मी दोनदा केलं. मग तिथंच स्टुलावर बसून रडले.

ते सगळं घरी सांगितलं. नळीचा फोटो दाखवला. मामी म्हणाल्या, "निळं टाकलं तर निळंच होणार की." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. माझा नवरा सुदर्शन तेवढा तो फोटो परत परत बघत होता. रात्री म्हणाला, "तू म्हणतेस ते खरं असंल. विकून टाकू गाय."

"विकून? अरे, मग तेच दूध दुसऱ्याच्या घरात जाईल."

"सगळेच काय कच्चं पितात?"

मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते सोमवारी येतो म्हणाले. रविवारीच गिऱ्हाईक दारात आलं. बन्सीकाका म्हणून कुणी घाटाखालचे, भला माणूस. गंगीच्या पाठीवरून हात फिरवत होते. मामींनी चहा दिला तेव्हा आपणहून म्हणाले, "सुनेला पाचवा लागलाय. म्हटलं, तिच्यासाठी घरचं धारोष्ण पाहिजे."

मी पुढं होऊन गंगीचा कासरा धरला. "काका, ही गाय नेऊ नका. हिच्या दुधानं माझी दोन लेकरं गेलीत. तपासलंय मी. नेलीच तर उकळून पाजा. पाया पडते तुमच्या, उकळून पाजा."

बन्सीकाकांनी मामींकडं बघितलं. मामी हळू आवाजात म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, पाव्हणं. लेकरं गेल्यापासून असंच बोलती ती."

मी सुदर्शनकडं वळले. "तू सांग त्यांना. तुला माहीत आहे." त्यानं माझ्या हातातून कासरा सोडवून घेतला.

बन्सीकाकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "देव देईल, पोरी," म्हणाले, अन् गाय टेम्पोत चढवली.