पालथ्या टोपलीची मालकी

मी बोलतेय, मोहाच्या झाडाखालची टोपली. आवाज थोडा चढा वाटला तर वाटू द्या. एका अख्ख्या अहवालाला मी गप्प केलं आहे, तेव्हा एवढी ऐट मला शोभते.

डोंगरातल्या काठी गावाजवळच्या एका पाड्यावर नवलसिंगने मला विणलं. त्याची बायको दिवलीबाई मला उलटसुलट पाहून एवढंच म्हणाली, की तळ आणखी घट्ट हवा होता. पुढची चार वर्षं तिने माझ्यातूनच मोहफुलं वाहिली आणि तळ काही गेला नाही.

पण फुलं वाहणं हे माझं धाकटं काम. थोरलं काम म्हणजे पालथं पडून राहणं. दिवाळीनंतर नवराबायको ऊसतोडीला गुजरातेत जात. निघताना दिवलीबाई मला आपल्या झाडाखाली पालथी घाली आणि वर दगड ठेवी. याचा अर्थ, या झाडाचं माणूस परत येणार आहे. मग दुसरं कुणी तिथली फुलं वेचत नाही. होळीच्या दिवशी टोपली दिसली नाही, तर मात्र तो मोसम दुसऱ्याचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्या पाड्याला पाठ आहे.

एका माघात हेमकांत आला. खाली सपाटीवरच्या लोणखेड्याच्या, केळीच्या बागा असलेल्या घरातला, शिकून पुण्याच्या एका संस्थेत लागलेला. ही संस्था मोकळ्या बाजाराचा अभ्यास करते आणि राज्याचे कायदे कसे असावेत ते सरकारला सुचवते. माणूस वाईट नव्हता. फक्त सातबारा नसलेली मालकी त्याने कधी पाहिली नव्हती. "कोनी तरी टाकी दिधी," असं पुटपुटत त्याने दगड बाजूला केला आणि नमुना म्हणून मला गाडीत घातलं. मी आतून ओरडत होते, पण टोपलीचं कोण ऐकतं!

पुण्यात मला बैठकीच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्यात लिमलेटच्या गोळ्या भरल्या. तिथली माणसं मला आवडली, हे कबूल करते. ज्याने फुलं वेचली त्याने ती हव्या त्या बाजारात विकावी, दर वेळी कुणाच्या सहीसाठी का तिष्ठावं, असं ती तावातावाने बोलत. शाब्बास, असं मला वाटे. कामिनीताई तिथल्या प्रमुख. त्यांच्या खुर्चीवर नाव लिहिलेलं नव्हतं, तरी त्या गावाला गेल्या असतानासुद्धा तिच्यावर कुणी बसत नसे.

आणि याच माणसांनी अहवालात लिहिलं, की डोंगरातल्या मोहांना मालक नाही, म्हणून झाडांचा लिलाव करावा. मला भयंकर राग आला.

सरकारकडे पाठवण्याआधी अहवाल लोकांना ऐकवायचा म्हणून शहाद्यात बैठक ठेवली. शोभेला मलाही नेलं. आणि पुढच्याच रांगेत माझी दिवलीबाई! होळीला ती परतली, तेव्हा झाडाखाली मी नव्हते. गोवाल नावाच्या शेजाऱ्याने रीतीप्रमाणे तिचं झाड वेचायला घेतलं. ती भांडली नाही, कारण रीत तिचीही होती. पण तिचा मोसम गेला, आणि आता झाडही जायच्या बेतात होतं.

हेमकांतने लिलावाचं पान वाचलं. दिवलीबाई उठली. घरची बोली बाजूला ठेवून तिने बाजारातली अहिराणी काढली.

"हाई टोपली तुले कोठे सापडनी, भाऊ?"

"झाडखाले पडेल व्हती, मावशी."

"पडेल नही. ठेयेल व्हती."

तिने माझ्यातल्या गोळ्या टेबलावर ओतल्या आणि मला त्या अहवालावर पालथी घातली.

"उचल आते."

सभागृहातले पाड्यावरचे लोक हसू लागले. हेमकांतचा चेहरा पडला. कुणीतरी त्याला रीत समजावून सांगितली, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मावशी, मन्ही चूक व्हयनी. तुन्हा मोसम मन्हामुये गया."

"फुलं मी जठे भाव भेटी तठे इकसू, हाई तुम्हनं बरोबर शे," दिवलीबाई म्हणाली. "पन मन्हं झाड इकानं तुम्हले कोनी सांगं?"

कामिनीताई उठून टेबलाजवळ आल्या. "आपला सगळा विचार मालकीवर उभा आहे," त्या म्हणाल्या, "आणि मालकी समोर होती, तर आपण तिच्यात गोळ्या भरून ठेवल्या." लिलावाचं ते पान त्यांनी तिथेच फाडलं. नव्या पानावर लिहिलं, की झाड रीतीने ज्याचं आहे त्याचंच माना आणि फुलांची विक्री मोकळी करा. सरकार त्याचं काय करील ते मला ठाऊक नाही. मी माझं काम केलं.

आता पुन्हा माघ आहे. मी माझ्या झाडाखाली पालथी आहे, पाठीवर तोच दगड. तुम्हीही कधी या डोंगरात आलात, तर मालक नाही असं लिहिण्याआधी पाड्यावर विचारा. एवढीच विनंती आहे.

काल हेमकांत नवा सहकारी घेऊन आला होता. तो पोरगेला माणूस मला बघून लगेच वाकला आणि दगड उचलू लागला. हेमकांतने त्याचा हात धरला.

"ठेव," तो म्हणाला. "मालक ऊसतोडले जायेल शे. होळीले यी."