डाव्या हाताचा टेकू

वर्गावर्गात काचेचे नवे डिजिटल फळे बसले आणि ते चालवायला शिकवणारी बाई शाळेत आली, तेव्हा गणिताच्या सरांनी तिला ओळखलं नाही. तिने मात्र त्यांना फाटकातूनच ओळखलं. वरकरणी नमस्कार केला. मनातल्या मनात तिने या माणसाला कधीच अहोजाहो केलं नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वी याच शाळेत तिने एक अवघड गणित तोंडीच सोडवून फळ्यावर नुसतं उत्तर लिहिलं होतं. उत्तर बरोबर होतं. "कुणाचं बघून लिहिलंस?" म्हणत त्याने ते पुसलं आणि तिला वर्षभर दाराशी जमिनीवर बसवलं. पोरं येता-जाता तिची वही तुडवायची. ती रडली नाही, डूख धरून बसली.

आता पाळी तिची होती. प्रत्येक शिक्षकाने नव्या फळ्यावर एक धडा घेऊन दाखवायचा. जमलं तर वर्ग, नाही तर निवृत्तीपर्यंत कार्यालयात हजेरीपट. शेरा तिचा, सही तिची.

सर उठले. छत्तीस वर्षांच्या सवयीने डावा तळहात फळ्यावर टेकवून उजव्याने लिहू लागले. अक्षर अजून मोत्यासारखं. पण या फळ्याला तळहात म्हणजे डस्टर. हात जरा सरकला की लिहिलेलं साफ. मागे तरुण शिक्षक खुसखुसू लागले. सरांनी हात काढून पाहिला, तर तोल जाऊन तळहात पुन्हा फळ्यावरच टेकला.

"मॅडम, हे पुसणं बंद करता येतं का हो?"

येत होतं. कोपऱ्यातल्या एका चित्रावर बोट ठेवलं की झालं.

"नाही सर," ती म्हणाली. "फळा असाच आहे."

इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. चौथ्या खेपेला सरांनी पेन ठेवलं आणि मान खाली घालून जागेवर जाऊन बसले. तिने कागदावर 'अपात्र' लिहिलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी कागद बघून चष्मा काढला. "मग शेवटच्या तुकडीला आता व्हिडिओच लावावे लागणार."

"दुसरे शिक्षक आहेत की."

"त्या पोरांना कोण विचारतंय? हेच एकटे शाळेआधी तासभर त्यांना घेऊन बसतात. कोणी कसं सोडवलं ते आधी ऐकून घेतात, मग बोलतात. दहा वर्षं झाली." बाईंनी कागद परत तिच्यापुढे ठेवला. "सही व्हायची आहे अजून. बघा."

तिच्या डोक्यात तिडीकच गेली. इतक्या उशिरा सुधारायला याला सांगितलं होतं कोणी? आणि सुधारायचंच होतं, तर तिच्या वेळी काय धाड भरली होती?

तिने सही ठोकली.

बाहेर जिन्यावर शेवटच्या तुकडीची पोरं ताटकळत बसली होती. तिला वाट द्यायला उठता उठता एका मुलीने विचारलं, "बाई, आमचे सर पास झाले ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि त्या मुलीच्या तोंडाकडे न बघता भराभर जिना उतरली.