चाळीस फाइली, एकच साचा

"बाबा, तुमची फाइल काढून टाकली तर तुम्हाला राग येईल?"

भिंगरी हे विचारणारच नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारलं. बाबांचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

भिंगरी हे नाव तिला घरीच पडलेलं; एका जागी बसणं तिच्या अंगातच नव्हतं. आणि महिनाभर तर नुसतं बसावंच लागत होतं. शाळेच्या रोबोटसाठी बाबांनी हौसेने टेम्प्लेटची एक फाइल लिहून दिली होती. एकच साचा, त्यातून चाकाचा, हाताचा, हवा तो कोड निघायचा. बाबांचं पोटच प्रोग्राम लिहिण्यावर, त्यामुळे फाइलीला बोट लावायची कुणाची छाती नव्हती. पण सेटिंगमधला एक आकडा बदलला, की तो साचा वापरणाऱ्या रोबोटच्या चाळीसच्या चाळीस फाइली नव्याने बांधायला कॉम्प्युटरला अकरा मिनिटं लागायची. उद्याच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांमध्ये दुरुस्तीला मिळणार होती दहा. मैत्रिणींचं ठरलं होतं: फाइल जाऊ दे, रोबोटचा हात गेला तरी जाऊ दे, नुसता चालला तरी बस. तो हात मात्र भिंगरीने हलवायला शिकवला होता.

"साचा वाईट नाहीये," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटर म्हातारा झालाय."

"तुमच्यापेक्षा तरुण आहे तो," आई शिवणाच्या मशीनवरून म्हणाली.

भिंगरीने फाइली बांधायचं बटण दाबलं. फाइलींची नावं मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. तिने फरशा मोजल्या, दार उघडलं, लावलं, वेणी सोडून पुन्हा घातली. आई शर्टाच्या बाह्या कापत होती. दर बाहीला खिळ्यावर टांगलेला मापाचा तोच कागद काढून कापडावर ठेवायची.

"आई, दर शर्टाला नवा कागद नाही कापत?"

"वेड लागलंय का मला?"

भिंगरी जागच्या जागी उभी राहिली. "बाबा, चाळीस फाइली चाकाचा तोच कोड नव्याने काढतायत ना? आणि शेवटी एक ठेवून बाकीचे फेकून देतायत?"

"हं," बाबा म्हणाले. बाबांच्या 'हं'चा अर्थ त्या घरात 'चुकलंच' असा होता.

तिने साच्याखाली चाक, हात अशा एकेका प्रकारासाठी ओळ लिहिली: हा कोड दुसरीकडे तयार होतोय, तू काढू नकोस. या वेळी फाइली पळत सुटल्या, आणि शेवटी पडदा लालेलाल. चाकाचा कोड कुठेच सापडत नाही.

आई मान वाकडी करून बघत होती. "आपल्या घरासारखंच की. नळ दुसऱ्याने बंद केला असेल, असं तिघांनाही वाटतं."

भिंगरीने कपाळाला हात लावला. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते तिने कुठे लिहिलंच नव्हतं. बाबांचा हात कीबोर्डकडे सरकला; तिने तो अलगद बाजूला केला. एक नवी फाइल उघडून सगळे कोड तिथे एकदाच काढायला लावले. मग बटण दाबून उभी राहिली, या पायावरून त्या पायावर.

दोन मिनिटं दहा सेकंद. रोबोटच्या हाताने टेबलावरचं खोडरबर उचललं.

"राहिली एकदाची माझी फाइल," बाबा म्हणाले. "उद्या स्पर्धेत टेबलापाशी एक पालक थांबलेला चालतो. मी उभा राहीन, काही अडलंच तर..."

"मी ठरवलंय," भिंगरी म्हणाली. "उद्या टेबलापाशी मी आणि मैत्रिणी. तुम्ही दोघं प्रेक्षकांत. आणि बाबा, हात खिशात."