खिडकीतला डबा

आमच्या दोन गल्ल्यांचं नेटवर्क आमचं स्वतःचं आहे. घरोघरी विजेवर चालणारा एकेक वायरलेस डबा, आणि निरोप या डब्यावरून त्या डब्यावर उड्या मारत जातो. निवृत्त लाइनमनकाकांनी चार वर्षं खपून ते उभं केलं. पाणी कधी येणार इथपासून सगळं त्यावर कळतं, आणि गल्लीचा प्रत्येक निर्णय त्यावरच मतं घेऊन होतो. आता एका कंपनीला ते हवं होतं. द्यायचं की ठेवायचं, याचं मतदान रविवारी सहापर्यंत.

मी शिवणकाम करते. मला तर कंपनीचं नावही नको होतं. तिचा माणूस गोडगोड बोलला, पण यापुढे निर्णय कोण घेणार म्हटल्यावर त्याची ततपप झाली. मागच्या गल्लीला मात्र तो भारी आवडला. त्यात माझी धाकटी जाऊ सगळ्यांच्या पुढे. आधीच वर्षभर आमचं बोलणं बंद, त्यात ही भर.

निकाल लागला, नेटवर्क ठेवायचं. मी हवेतच होते. मग खिडकीतल्या डब्याकडे नजर गेली आणि हातातली इस्त्री खाली ठेवली.

मागच्या गल्लीचे निरोप माझ्याच डब्यावरून पुढे जातात. माझ्या खोलीत प्लग एकच. इस्त्री करायची तर डबा काढायचा, झाली की लावायचा, हात आपोआप करतो. त्या दिवशी शाळेच्या गणवेशांचा ढीग होता, चारपासून रात्रीपर्यंत इस्त्रीच चालू. तिकडची निम्मी मतं तिकडेच अडकली, आणि सहानंतरची मतं धरत नाहीत. कुणाला पत्ताही नव्हता.

दोन दिवस मला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी काकांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"बाई, पुन्हा मतदान घेतलं तर हातचं जाईल."

"जाऊ दे. चोरून ठेवलेलं मला नको."

मग सगळं नेटवर्कवरच लिहून टाकलं. आमच्या गल्लीने मला धू धू धुतलं.

पुढच्या रविवारी मी इस्त्रीला हात लावला नाही. डब्यासमोर ठाण मांडून बसले. नेटवर्क वाचलं, तीन मतांनी.

संध्याकाळी दारात जाऊ उभी. वर्षभरात पहिल्यांदा. मी तिला आत घेतलं. मागच्या खेपेला कंपनीला मत दिलं होतं, हे तिने आपणहून सांगितलं.

"आणि या वेळी?"

"गुप्त मतदान आहे, ताई," म्हणत ती टेबलाखाली वाकली आणि पिशवीतून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड लावू लागली. "आता इस्त्री यात लावा. डबा काढायचा नाही."