येळवशीच्या दिवशीचा बाजार

राजपालला पोलिसांनी उचललं तेव्हा त्याच्या सदऱ्याला अजून आंबिलीचा वास येत होता.

ही गोष्ट जुनी आहे, राजपाल पंचविशीत होता तेव्हाची. दिवस येळवशीचा होता, मार्गशीर्षातल्या अमावस्येचा. बिदर-कलबुर्गीकडे त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. डाळी-भाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीची भांडी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातल्या आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पुजायचे आणि मग वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. पाहुण्याला त्याचं नाव-गाव विचारत बसत नाहीत. पाहुणाही विचारत नाही. जेवतो आणि पुढच्या रानात जातो, तिथंही त्याला कुणी सोडत नाही.

राजेश्वर गावाच्या बाहेर सर्कशीचा तंबू आदल्या दिवशीच उभा राहिला होता. पहिला खेळ येळवशीच्या दुसऱ्या दिवशी होता. राजपाल मूळचा मंठाळचा. सर्कशीत घोडी सांभाळायचा. येळवशीला घरी जावं म्हणून त्यानं सकाळी मालकाकडे सुट्टी मागितली. मालकाला सगळे मास्तर म्हणत. म्हातारा लांबच्या मुलखातला, त्याला येळवस माहीत नव्हती.

"घोडी कोण बघणार? तुझा बाप?" मास्तर म्हणाला.

राजपालचा बाप त्याच वर्षी वारला होता. त्याचं डोकं फिरलं. "मास्तर, एक दिवस ह्या बोलण्याचं फळ भोगशील," असं तो सगळ्यांदेखत ओरडला आणि चांदी नावाची पांढरी घोडी सोडून घेऊन रानाच्या वाटेला लागला.

तो दिवस मावळता परत आला तेव्हा तंबूभोवती गर्दी होती. मास्तर आपल्या राहुटीत मरून पडला होता. मेखा ठोकायच्या घणानं कुणीतरी त्याचं डोकं फोडलं होतं. घण शेजारीच पडला होता. दुपारी सर्कशीची बहुतेक माणसं जवळच्या रानांत जेवायला गेली होती, त्यामुळे कुणी काही पाहिलं नव्हतं. पण सकाळचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं.

फौजदार साहेब म्हैसूरकडचे, बदलून येऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी विचारलं, "दुपारी कुठं होतास?"

"घरी निघालतो, वाटंतच रानात जेवायलो होतो, साहेब."

"कुणाच्या रानात?"

"ठावं न्हाई."

"जेवलास आणि नाव माहीत नाही?"

"येळवशीला कोण नाव विचारतंय, साहेब?"

साहेबांनी कानाखाली वाजवली. राजपालला कळेना यात खोटं काय होतं. त्याला कोठडीत टाकलं. फाशी नाहीतर जन्मठेप, असं पहाऱ्याचा शिपाई म्हणाला. मंठाळला म्हातारी आई एकटी होती. ती हे ऐकून जगणार नाही, एवढंच राजपालच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात एक बाई पोलीस आली. त्या काळात जिल्ह्यात बाई पोलीस बोटावर मोजण्याएवढ्या. सर्कशीतल्या पोरींचे जबाब घ्यायचे होते, आणि बाई जवळ असावी म्हणून साहेबांनी तिला मागवून घेतलं होतं. नाव इंदिरा, गाव निर्णा. तिला जबाबाच्या वेळी नुसतं उभं राहायला सांगितलं होतं. पोरींचं झाल्यावर ती पाण्याचा तांब्या घेऊन कोठडीपाशी आली.

"जय भीम," राजपाल म्हणाला. तिच्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव त्यानं वाचलं होतं.

"जय भीम. पाणी पी. मग सांग, काय खाल्लास काल?"

"भज्जी. उंडे. आंबील."

"ते तर म्या बी खाल्ले. मंडळी कशी होती?"

"चांगली होती. कोण म्हातारी होती, लई वाढायली होती. न्हाई म्हणलं तर ओरडायली. म्हातारा होता. त्यांची तोंडं डोळ्यासमोर हायती, पर रान कुठलं ते न्हाई सांगता येत. सगळी रानं सारखीच."

"आन् घोडी? घोडीनं काय खाल्लं?"

राजपालनं मान खाली घातली. "हरभरा खाल्ला. म्हाताऱ्याच्या शिव्या म्या खाल्ल्या."

इंदिरा हसली. कोठडीसमोर कुणी असं हसेल असं त्याला वाटलं नव्हतं. "मग जमलं. जेवायला घातलेला माणूस विसरंल एखादा. हरभरा खाल्लेली घोडी कोण विसरतंय?"

पुढचं राजपालनं पाहिलेलं नाही. पण नंतर ते इतक्या वेळा ऐकलं की त्याला वाटे, आपण मागं मागं चालत होतो. इंदिरेनं वर्दी उतरवली, साडी नेसली आणि तंबूपासून रानाच्या वाटेला लागली. पोलिसाला कुणी काही सांगत नाही हे तिला ठाऊक होतं. पण येळवशीची उरलेली भज्जी दुसऱ्या दिवशी जास्त गोड लागते आणि रानात काम करणारी माणसं तीच घेऊन बसलेली असतात. ती जिथं तिथं टेकली, घासभर खाल्लं आणि पांढऱ्या घोडीची चौकशी केली.

चौथ्या की पाचव्या बांधावर एक म्हातारा उठून उभाच राहिला. "घोडी तुझी हाय का? ये, इकडं ये! बघ माझा हरभरा!"

म्हाताऱ्याचं नाव जगदेवप्पा. त्याची बायको बसव्वा कोपीतून बाहेर आली. "कामून ओरडायलाव हो? पाहुणी हाय. बस गं अक्का."

"घोडीवाला किती येळ होता, आज्जे?"

"लई येळ होता. जेवला, मग रडला."

"रडला?"

"बाप गेला म्हणला औंदा. मास्तरानं बापावरून बोललं म्हणला. मग ह्यांनी त्याला आणखी एक उंडा दिला."

"मी न्हाई दिलो, तूच दिलीस," जगदेवप्पा म्हणाला. "मी हरभऱ्याचं बोललो."

"दिवस कलल्यावर गवताच्या पेंढीचा हेंडगा पेटवून रानाभोवती फिरविलाव तवा बी तो संगं हुता," बसव्वा म्हणाली. "घोडी भेदरली. ह्यांनीच धरली मग."

दोघं ठाण्यात यायला तयार झाली. जगदेवप्पाची एकच अट होती, की हरभऱ्याचंही कागदावर यावं.

पण इंदिरा तेवढ्यावर थांबली नाही. राजपाल सुटला तर मास्तरला मारलं कुणी? सर्कशीतल्या पोरींच्या जबाबात तिनं ऐकलं होतं की मास्तर सर्कस आपल्या पुतण्याला देणार नव्हता. झोपाळ्यावर काम करणारी सुधारानी, जिला त्यानं लहानपणापासून वाढवलं, तिच्या हाती तो ती देणार होता. पुतण्या महेशकुमार सर्कशीचा मॅनेजर होता. तो काकासाठी सगळ्यांत मोठ्यानं रडत होता. साहेबांनी त्याचा जबाब एकट्यानंच घेतला होता. दुपारी तो राजेश्वरच्या बाजारात होता, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवशी साहेब बाजारातून गेले तेव्हा दुकानं भरलेली, माणसांची दाटी. त्यांना शंका घ्यायचं कारण नव्हतं.

महेशकुमारला त्या संध्याकाळी सहीसाठी ठाण्यात बोलावलं. कोठडीतून राजपालला सगळं दिसत होतं. हवालदार पिराजी दारात उभा होता. तो राजेश्वरचाच, येळवशीची रजा संपवून नुकताच कामावर आला होता.

इंदिरेनं चहा पुढं केला. "साहेब, जरा एक विचारू का ह्यांना?"

"विचार," फौजदार कंटाळून म्हणाले.

"दादा, काल तुमी बाजारात होताव म्हणं. सणाचा दिवस, गर्दी लई असंल?"

महेशकुमारला बरं वाटलं. "गर्दी? बाई, पाय ठेवायला जागा नव्हती. सणच ना तो. दाढी करायची म्हणून न्हाव्याकडे बसलो तर माझा नंबर येईना. शेवटी तसाच उठलो. मिठाईच्या दुकानात तर बायकांची रांग."

"मिठाईच्या दुकानात?"

"हो. मीही पावशेर जिलबी घेतली. गरम काढत होते."

दारातून पिराजीचं हसू फुटलं. त्यानं तोंडावर हात ठेवला, पण थांबेना.

"काय झालं रे?" फौजदार ओरडले.

"माफी करा, साहेब. येळवशीला राजेश्वरात गरम जिलबी? साहेब, काल गावात कुत्रीसुद्धा न्हवती. ती बी रानात गेली उंडे खायला. न्हावी तर माझ्या बांधावर बसून जेवायलता. मिठाईवाला माझा साडू हाय. काल दिवसभर दुकान बंद!"

फौजदारांनी महेशकुमारकडे बघितलं. त्यानं कपबशी खाली ठेवली.

"सण म्हणल्यावर बाजार भरतो," तो म्हणाला. "सगळीकडं भरतो."

"सगळीकडं भरत असंल, दादा," इंदिरा शांतपणे म्हणाली. "हितं सणाला गाव रिकामं होतंय. तुमी काल बाजारात पाऊल टाकलं असतंव तर तुमाला हेच पयलं दिसलं असतं."

त्यानंतर वेळ लागला नाही, तंबूची झडती झाली. तंबूत खेळाच्या रिंगणावर लाकडाचा भुसा टाकलेला होता. त्याच्याखाली पुरलेला निळा सदरा निघाला, रक्तानं कडक झालेला. महेशकुमारनं येळवशीच्या सकाळी तोच घातला होता, असं सुधारानीनं सांगितलं. मग तो कबूल झाला.

राजपालला सोडलं तेव्हा फौजदारांनी एक काम केलं, ते त्यानं आयुष्यभर लक्षात ठेवलं. साहेब खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मी चुकलो." राग धरायला जागाच राहिली नाही. जगदेवप्पानं त्याला बाहेर गाठलं आणि हरभऱ्याच्या नावानं पुन्हा बडबड केली. मग त्याचा हात धरून म्हणाला, "पोरा, आई वाट बघत असंल. जा आधी."

इंदिरा पायरीवर उभी होती. राजपालला तिचे आभार मानायचे होते. तो समोर गेला. रडूच आलं.

"रडायला काय झालं? सुटलास की."

"तुमी नसत्याव तर..."

"बसव्वा आज्जी नसती तर, म्हण. तिनं न विचारता जेवू घातलं. म्या नुसतं विचारत फिरले."

सर्कस सुधारानीनं चालवली. राजपाल तिच्याबरोबर आणखी दोन मोसम फिरला, मग मंठाळला परत आला. दर पंधरा दिवसांनी काही ना काही निमित्त काढून तो निर्ण्याला जायचा. शेवटी इंदिरेनंच विचारलं, "तुला दुसरं काई काम हाय का न्हाई?" तो म्हणाला, एकच काम आहे. लग्नात बसव्वानं मांडवभर लोकांना हे सांगितलं की नवरदेव घोडीवरून आला नाही हे बरं झालं, नाहीतर तिच्या नवऱ्यानं हरभरा मागितला असता.

इंदिरा पोलिसात पुढं खूप वर्षं राहिली. मोठ्या हुद्द्यावर कधी गेली नाही. पण तालुक्यात कुणाच्या घरी कठीण प्रसंग आला की माणसं म्हणायची, निर्ण्याच्या बाईला बोलवा. राजपाल तिला रोज सकाळी भाकरी करून द्यायचा. आपल्या ज्या हातांत बेडी पडायची होती, तिथं पीठ लागलं आहे, हे त्याला कळत होतं. पोरं झाली, शिकली. आई नातवंडं बघून गेली. ह्यातलं काहीही त्याच्या वाट्याचं नव्हतं, ते सगळं इंदिरेनं एका सकाळी चालत जाऊन आणलं होतं.

गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली. बिदरच्या दवाखान्यात राजपाल तिच्या खाटेपाशी बसून होता. ठाण्याच्या पायरीवर जे बोलता आलं नव्हतं, ते त्यानं तिथं बोलून टाकलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "ऐकू आलं रे. पयल्यांदाच ऐकू आलं होतं, तू रडायलास तवाच." डोळे उघडून म्हणाली, "जेवलास का?"

त्यानं नाही म्हणून सांगितलं. तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला हाक मारली आणि म्हणाली, "अक्का, ह्याला तुमच्या डब्यातली अर्धी भाकर द्या बरं. लाजतो हा."

त्या बाईनं दिली. राजपालनं ती इंदिरेच्या समोर बसून सगळी खाल्ली.