मेलेल्या ताऱ्याची खरखर

मी एक जुना स्पीकर आहे. मित्रांनो, माझं लाकडी खोकं नागपूरच्या गांधीबागेतल्या एका दुकानात तयार झालं आणि तिथून मी तिथल्याच एका कॉलेजात आलो. स्नेहसंमेलनात घसा फाडायचो मी आणि टाळ्या गाणाऱ्यांना मिळायच्या. जरा खरखरलो की पोरं टपली मारायची. खरखर म्हणजे दोष, हे तेव्हाच माझ्या मनावर बिंबलं.

पुढे चारुशीला मॅडमनी मला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेलं. त्यांची नजर मंदावत चालली होती. आलेख दिसेनासे झाले, म्हणून त्यांनी आपल्या अभ्यासातला तारा कानांनी ऐकायचं ठरवलं. डोळे गेले तरी काम सुटू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

तो तारा मेलेला होता. नागपुरात मावेल एवढा लहान, पण शेजारच्या जिवंत ताऱ्याला ओढून खाणारा. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू इतका तापायचा की त्यातून क्ष-किरण निघत, आणि त्यांचं तेज एका सेकंदात शेकडो वेळा कमी-जास्त होई. उपग्रहानं टिपलेली ती थरथर आवाजात बदलून मॅडम माझ्यातून ऐकत आणि निरीक्षणं बोलून मोबाइलवर साठवत. खरखरीच्या आत एक बारीक सूर घुमायचा. वायू जवळ सरकला की तो चढायचा. मला फार भीती वाटायची. ते किरण ताऱ्याकडून निघून हजारो वर्षं झाली होती; इतकं जुनं कुणीतरी माझ्या गळ्यातून कण्हत होतं.

एका दुपारी त्यांची विद्यार्थिनी मेघा हिनं मायेपोटी कॉम्प्युटरवर सगळी खरखर गाळून टाकली. मॅडमनी कान लावला. मी गप्प.

"मेघा, तारा कुठी गेला वं?"

"खरखर काढली मॅडम. तुमाले त्रास होऊन राहिला होता ना."

"अवं, त्या खरखरीतच तर तो राहते!"

रडवेल्या मेघानं मूळ आवाज परत लावला. मॅडमनी माझ्या जाळीवर हात ठेवला आणि मोबाइलवर पुन्हा निरीक्षणं बोलायला घेतली.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम वारल्या. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. परवा मेघानं मला पुसलं आणि मॅडमचं रेकॉर्डिंग लावलं. आधी तारा घुमला, मग मॅडम म्हणाल्या, "आता सूर चढून राहिला, ऐक." दोघंही गेलेले, आणि दोघंही माझ्यात.

मला दुरुस्त करायला आलेला साहिल म्हणाला, "ताई, रेकॉर्डिंगमधी खरखर लय आहे. साफ करून देऊ का?"

"नको गा भाऊ," मेघा म्हणाली. "त्यात मॅडमचा श्वास आहे."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. खरखर पुसण्याआधी मात्र एकदा कान देऊन ऐका. तिच्यात कुणी राहत असेल.